दोर, गाठी आणि भरलेली गाडी: वाचकांचे प्रश्न

आंब्याची पाठवणी आणि पावसाळ्याची तयारी कोकणात एकदमच अंगावर येते. त्यामुळे या वेळच्या पत्रांत दोर आणि गाठींबद्दलचे प्रश्न बरेच आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न (देवगड): पिकअपमधून आंब्याच्या पेट्या वाशीला जातात. निघताना दोर अगदी ताठ असतो, पण घाट ओलांडेपर्यंत लोंबायला लागतो. गाठ मात्र जशीच्या तशी असते. आमची गाठ चुकते आहे का? घट्ट बसणारी आणि उतरवताना पटकन सुटणारी गाठ कोणती?

उत्तर: गाठ सुटलेली नसताना दोर सैल पडला, याचा अर्थ माल खाली बसला. पेट्यांमधला पेंढा दबतो, थरांमधल्या फटी हादऱ्यांनी मिटतात आणि सगळी रास दोन-तीन बोटं खाली येते. नवा दोर असेल तर तोही थोडा लांबतो. हे कुठल्याही गाठीने थांबत नाही. म्हणून गाठ अशी हवी की वाटेत थांबून ती मिनिटभरात पुन्हा ताणता येईल. टेम्पोवाले जी मारतात आणि इंग्रजीत जिला ट्रकर्स हिच म्हणतात, ती नेमकी या कामाची आहे.

हौद्याच्या एका बाजूच्या हुकाला दोराचं टोक बांधून सुरुवात करा. हुकाभोवती दोन पूर्ण वेढे घ्या, मग तेच टोक मुख्य दोराभोवती फिरवून स्वतःच्या खालून काढा, आणि त्याच दिशेने पुन्हा एकदा तसंच करा. ताण या दोन वेढ्यांवर येतो, त्यामुळे पुढच्या दोन अर्ध्या गाठी आवळून दगड होत नाहीत.

आता दोर मालावरून पलीकडे टाका आणि पलीकडच्या बाजूला या. लोंबणाऱ्या दोरावर, खालच्या हुकापासून दोन-अडीच फूट वर, दोराला पीळ देऊन तळहाताएवढी कडी करा. त्या कडीतून दोराची एक दुमड आरपार ओढून काढा. ही दुमड खालच्या, म्हणजे मोकळ्या टोकाकडच्या दोराची हवी. वरच्या, मालाकडून येणाऱ्या दोराची नको. बहुतेकांची गाठ इथेच बिघडते. तपासायची रीत सोपी आहे. एका हाताने वरचा दोर आणि दुसऱ्या हाताने तयार झालेला फास धरून उलट दिशांना ओढा. फासाचा आकार तसाच राहिला तर बरोबर. फास लहान होत गेला तर दुमड वरच्या दोराची घेतली आहे. तसाच पुढे गेलात तर ताण येताच फास आवळून आतला दोर जाम करील. सोडून परत करा.

मग मोकळं टोक हुकाखालून घ्या, वर आणून फासातून ओवा आणि खाली ओढा. हिशेबाने या रचनेत ओढीच्या तिप्पट ताण मिळायला हवा. पण दोर फासावर आणि हुकावर घासतो, त्यात बराच ताण खर्च होतो. हाती दीडपट ते दुप्पट आला तरी चांगलं म्हणायचं. हिसके देऊन उपयोग नाही. अंगाचं वजन टाकून सावकाश ओढा, आणि दुसऱ्या माणसाला मालावरचा दोर हाताने उचलून सोडायला सांगा. नाहीतर सगळा ताण तुमच्याच बाजूला राहतो आणि पलीकडची बाजू ढिली राहते.

ओढून झालं की जिथे दोर फासावरून वळतो तिथे डाव्या हाताच्या चिमटीत तो घट्ट दाबून धरा. ही चिमूट सुटली की मिळवलेला ताण गेला. उजव्या हाताने मोकळं टोक फासाच्या लगेच खाली सगळ्या दोरांभोवती फिरवून अर्धी गाठ मारा. दुसरी अर्धी गाठ मारताना पूर्ण टोक न काढता दुमड काढा, म्हणजे ती सुरगाठ होईल. लांबचा प्रवास असेल तर उरलेलं टोक त्या दुमडीतून ओवून ठेवा. मागे निदान वीतभर शेपूट राहू द्या. सोडताना सुरगाठ ओढायची, टोक फासातून काढायचं आणि खालचा दोर ओढायचा. फास आपोआप नाहीसा होतो.

या गाठीत आणखी दोन गोष्टी बिघडतात. एक, फास फार खाली घेतला जातो. ओढताना फास हुकाकडे सरकत येतो. तो हुकाला भिडला की पुढे ताणायला जागाच उरत नाही. दोन, दर खेपेला फास दोराच्या त्याच जागी केला जातो. तिथे दोरावर दोर घासून गरम होतो, आणि बाजारातला प्लॅस्टिकचा दोर (पॉलिप्रॉपिलीन) साधारण १६५ अंश सेल्सिअसला वितळतो. घासलेली जागा चकचकीत आणि कडक दिसायला लागली की ती कमजोर झाली असं समजा. फासाची जागा वीतभर वर-खाली बदलत राहा. दोर गुळगुळीत असेल तर कडी करताना एकाऐवजी दोन पीळ द्या. फास घसरत नाही आणि नंतर सुटायलाही हलका जातो.

गाडी निघाल्यावर पहिल्या पाच-दहा किलोमीटरवर थांबून सगळे दोर पुन्हा ताणा. घाटाच्या पायथ्याशी एकदा आणि उतार सुरू होण्याआधी एकदा हात लावून बघा. किनाऱ्याच्या रस्त्याने जाताना दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीसाठी थांबावं लागतंच, तेवढ्या वेळात हे काम सहज होतं.

प्रश्न (राजापूर): पुठ्ठ्याच्या पेट्यांवर दोर आवळला की वरच्या थराच्या कडा चेपतात आणि फळ दबतं. सैल ठेवला तर वळणावर रास कलते. काय करावं?

उत्तर: आधी दोर आणि पेटी यांच्यात काहीतरी कडक घाला. वरच्या थराच्या दोन्ही कडांवर लांबीने एकेक लाकडी पट्टी किंवा उभा चिरलेला बांबू ठेवून त्यावरून दोर घेतला, की ताण एका पेटीच्या कोपऱ्यावर न येता ओळीभर वाटला जातो. पट्टीच्या धारदार कडेवर जुन्या ट्यूबचा तुकडा टाका, म्हणजे दोर कापला जाणार नाही.

मात्र रास दोराने धरून ठेवायची नसते, ती आधी नीट रचायची असते. पेट्या केबिनच्या बाजूच्या फळीला टेकवून सुरू करा, दोन ओळींत फट ठेवू नका, आणि उरलेली जागा रिकाम्या क्रेटनी किंवा पेंढ्याच्या गठ्ठ्यांनी गच्च भरा. विटांच्या भिंतीत सांधे जुळू देत नाहीत, तशा वरच्या थरातल्या पेट्या खालच्या सांध्यावर बसवा. पुठ्ठ्याची ताकद तिच्या उभ्या कोपऱ्यांत असते, त्यामुळे अशी रचना करताना मध्ये पातळ फळी किंवा प्लायचा पत्रा घालणं बरं.

किती ताकदीने बांधायचं याचा अंदाज यावा म्हणून सांगतो. युरोपातल्या माल बांधण्याच्या मानकात ब्रेकच्या वेळी माल पुढे जाऊ नये यासाठी त्याच्या वजनाच्या ०.८ पट, आणि बाजूला किंवा मागे जाऊ नये यासाठी ०.५ पट जोर धरला जातो. म्हणजे ८०० किलो माल असेल तर ब्रेक दाबताच ६४० किलोचा रेटा पुढे. तो दोराने तोलायचा नाही, पुढच्या फळीने तोलायचा. म्हणून माल फळीला टेकलेला हवा. वळणावरचा रेटा हौद्याच्या बाजू आणि दोर मिळून घेतात.

वरून टाकलेला दोर माल खाली दाबतो आणि त्या दाबामुळे तळाशी घर्षण वाढतं. हा दाब दोराच्या कोनावर अवलंबून असतो. दोर बाजूने सरळ उभा उतरत असेल तर पूर्ण ताण दाबाच्या कामी येतो. जमिनीशी ४५ अंशांत असेल तर ७० टक्के आणि ३० अंशांत असेल तर निम्माच. त्यामुळे उंच राशीवर दोर छान काम करतो, पण हौद्याच्या मधोमध ठेवलेल्या बुटक्या, जड वस्तूवर, उदाहरणार्थ पाण्याच्या पंपावर किंवा चिऱ्यांच्या एका थरावर, तो जवळजवळ निरुपयोगी असतो. अशा वस्तूला थेट दोर बांधून चारही कोपऱ्यांना ताणा आणि बुडाशी लाकडी गुटके ठोका.

एकच लांब दोर सगळ्या हुकांतून नागमोडी ओवण्याची पद्धत फार दिसते. ती सोडा. ताण पहिल्या दोन-तीन हुकांपलीकडे पोचत नाही, कारण प्रत्येक हुकावर घर्षण तो खातं. आणि एका जागी दोर तुटला की सगळी गाडी मोकळी होते. दोन हुकांमागे एक दोर, असे स्वतंत्र बांधा. सगळ्यात मागच्या ओळीला फुलीसारखे दोन दोर तिरपे घ्या.

प्रश्न (गुहागर): काथ्याचा, नायलॉनचा आणि प्लॅस्टिकचा, यातला कोणता दोर घ्यावा? आणि किती जाड?

उत्तर: माल बांधायला कमी ताणणारा दोर हवा, म्हणून पॉलिएस्टरचा मिळाला तर तोच घ्या. उन्हातही तो बराच टिकतो. नायलॉन मजबूत, पण ताणतो खूप आणि भिजला की त्याची ताकद साधारण दहा टक्के कमी होते. पावसात नायलॉनने बांधलेली गाडी सैल झाली नाही तरच नवल. होडी नांगरायला मात्र हाच ताण उपयोगी, कारण लाटेचा हिसका तो पोटात घेतो.

निळा-पिवळा प्लॅस्टिकचा दोर स्वस्त आहे आणि पाण्यावर तरंगतो. पण तो निसरडा असतो, म्हणून त्यावर प्रत्येक गाठीला एक जास्तीची अर्धी गाठ आणि दुप्पट लांब शेपूट हवं. त्याचा खरा शत्रू ऊन. वर्षभर गच्चीत पडलेला दोर हातात चोळा. भुकटी लागली, तंतू चुरचुरीत होऊन तुटू लागले, की तो वेली चढवायला वापरा, गाडीला नको.

काथ्याचा सुंभ खाऱ्या पाण्यात टिकतो, हाताला धरायला उत्तम आणि गाठ घसरत नाही. त्याच जाडीच्या कृत्रिम दोरापेक्षा ताकद मात्र फार कमी. शिवाय पिळाचे दोर, विशेषतः तागाचे आणि सुती, भिजले की तंतू फुगतात आणि दोर आखडतो. वाळला की पुन्हा सैल. भाताचे भारे, गवत, झावळ्या बांधायला सुंभ ठीक आहे.

जाडी म्हणाल तर पिकअपला १० ते १२ मिलिमीटर. ८ मिलिमीटरचा चांगल्या प्रतीचा दोरही कागदावर पुरेसा मजबूत असतो, पण हातात रुततो आणि मनासारखा ओढता येत नाही. पाकिटावर लिहिलेली ताकद सरळ, नव्या, बिनगाठीच्या दोराची असते. गाठ मारली की तिथे तिचा तिसरा हिस्सा ते निम्मी ताकद जाते, कारण वळणाच्या बाहेरच्या बाजूचे तंतू सगळा भार घेतात आणि आतले आरामात असतात. त्यात झीज आणि हिसके धरा. लिहिलेल्या आकड्याच्या सहाव्या हिश्शापेक्षा जास्त भार टाकू नये.

समुद्राच्या पाण्यात भिजलेला दोर गोड्या पाण्यात खंगाळून सावलीत वाळवा. मिठाचे बारीक खडे पदरांच्या आत राहिले तर दोर आतून कातरला जातो, आणि ते बाहेरून दिसत नाही.

प्रश्न (श्रीवर्धन): ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात होडीवरची ताडपत्री पहिल्या तासातच उडाली होती. तेव्हापासून दरवर्षी दोर वाढवतो, तरी कड्यांपाशी ताडपत्री फाटतेच. होडी शाकारताना ती कशी बांधावी?

उत्तर: दोर वाढवून हे थांबणार नाही. ताडपत्री ओढीने फाटत नाही, फडफडीने फाटते. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वारा दुप्पट झाला की रेटा चौपट. ढिल्या कापडात तो भरतो, सोडतो, पुन्हा भरतो, आणि प्रत्येक वेळी कडीभोवतीच्या चार धाग्यांवर हिसका बसतो.

पहिली गोष्ट, कड्यांवर भरवसा ठेवू नका. लिंबाएवढा गुळगुळीत गोटा ताडपत्रीच्या आतल्या बाजूने, कडेपासून वीतभर आत ठेवा. बाहेरून कापड त्याच्याभोवती गोळा करा आणि गोट्याच्या मानेशी दोर बांधा. एक वेढा घ्या, त्यावरून तिरपं जात दुसरा वेढा घ्या आणि टोक त्या तिरप्या दोराखालून काढून आवळा. आता ओढ चार धाग्यांऐवजी कापडाच्या सगळ्या घडीवर येते. असे गोटे दोन-अडीच फुटांवर एकेक. धारदार खडी वापरू नका, नदीतला गोटा हवा.

दुसरी गोष्ट, उतार. होडीच्या लांबीने मधोमध बांबूचा आढा द्या आणि ताडपत्री दोन्ही बाजूंना छपरासारखी उतरवा. आढा नसेल तर मध्ये पाणी साचतं. एक चौरस मीटर जागेत ५ सेंटिमीटर पाणी साचलं तर ते ५० किलो झालं, आणि ते वजन कापड खेचत राहतं. पुढे-मागे हवा खेळायला टीचभर जागा ठेवा, नाहीतर लाकूड आत घामेजून कुजतं.

तिसरी, दोर कुठे बांधायचा. एका बाजूच्या गोट्यापासून निघून होडीच्या तळाखालून दुसऱ्या बाजूच्या गोट्यापर्यंत दोर घ्या. म्हणजे वारा ताडपत्री उचलू लागला तर त्याला होडीचं वजनही उचलावं लागेल. होडी ओंडक्यांवर असते, त्यामुळे दोर ओवायला जागा मिळते. प्रत्येक दोराच्या एका बाजूला वर सांगितलेली ताणगाठ घ्या. दर आठवड्याला, आणि मोठी सर येऊन गेली की, चक्कर मारून ताणा. दोरात जुन्या ट्यूबची वीतभर पट्टी जोडलीत तर वाऱ्याचा हिसका ती झेलेल.

होडी पुळणीवर असेल तर वाळूत मेखा ठोकून काही उपयोग नाही. ओल्या वाळूतून त्या उपटतात. दोन-तीन फूट खोल खड्डा करा, हातभर लांबीचा ओंडका दोराच्या ओढीला आडवा ठेवा, मधोमध दोर बांधा आणि वाळू भरून धुम्मस करा. वाळूने भरलेलं जाड पोतं पुरलं तरी चालतं. पश्चिम किनाऱ्यावर मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै असते. तेवढे दोन महिने हे बांधकाम उभं राहायचं आहे, म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यातच करून घ्या. पाऊस सुरू झाल्यावर ओल्या ताडपत्रीला नीट ताण देता येत नाही.

प्रश्न (दापोली): दोर कमी पडला तर दुसरा जोडताना साधी दुहेरी गाठ मारतो. कधी कधी ती घसरते. का?

उत्तर: डावं उजव्यावर, उजवं डाव्यावर अशी जी चपटी गाठ आपण पिशवीला किंवा बँडेजला मारतो, ती काहीतरी दाबून बसलेली असेल तरच धरते. दोन दोर जोडून हवेत ताणले आणि एका टोकाला हिसका बसला तर ती उलटून दुसऱ्या दोरावरून सरळ घसरून निघते. एक दोर जाड आणि दुसरा बारीक असेल तर हमखास. जोडायचंच असेल तर जाड दोराची दुमड करा. बारीक दोर तिच्या आतून वर काढा, दुमडीच्या दोन्ही पदरांभोवती मागून फिरवा आणि स्वतःच्याच खालून काढा. तो वेढा पुन्हा एकदा घ्या. दोन्ही शेपटं एकाच बाजूला येतील असं बघा. पण गाडीवर जोड शक्यतो टाळाच. आणि पेट्यांच्या कडेवर जोड कधीही येऊ देऊ नका.

प्रश्न (अलिबाग): स्कूटरच्या मागे गॅस सिलिंडर रबरी हुकांनी बांधला तर चालतो का?

उत्तर: नाही. रबर ताणतं, म्हणजे खड्ड्यात सिलिंडर उचलला जाणारच. हूक निसटला तर तो थेट डोळ्यावर येतो. रबरी हूक हलक्या पिशवीपुरते. सिलिंडर रिक्षाने किंवा टेम्पोने, उभा आणि फळीला बांधून न्यावा.

प्रश्न (कुडाळ): पिकअपमधून बांबू आणि पाइप न्यायचे असतात. ते मागे चार-पाच फूट बाहेर राहतात. लाल फडकं बांधलं की पुरे ना?

उत्तर: फडकं पुरत नाही. माल परवानगीच्या मर्यादेबाहेर पुढे, मागे, बाजूला किंवा वर आला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४(१अ) नुसार २० हजार रुपये दंड आहे, आणि तो माल तिथेच उतरवण्याचा खर्चही आपलाच. मागे मोटारसायकल असेल तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. लांब हौद्याची गाडी करा, नाहीतर पाइप कापून न्या.

गाडीत बसणारे पाइप बांधताना आधी मोळी आवळा, मग मोळी गाडीला बांधा. नुसता वरून दोर टाकला तर मधले पाइप मोकळेच राहतात आणि ब्रेक दाबताच बाणासारखे पुढे जातात. मोळीभोवती दोर दोनदा फिरवून वेढा घ्या आणि ताणा. असे वेढे निदान दोन, दोन्ही टोकांपासून साधारण पाव लांबीवर. पीव्हीसी पाइप तर फारच निसरडे, त्यांच्या पुढच्या तोंडाशी आडवी फळी हवीच.

प्रश्न (वेंगुर्ला): पावसात भिजून निरगाठ बसली तर दोर कापावाच लागतो का?

उत्तर: बहुतेक वेळा नाही. दातांनी आणि सुरीने घाई करू नका. आधी गाठीवरचा ताण पूर्ण काढा. मग गाठीच्या मागच्या बाजूला जो वेढा दोरावर आडवा बसलेला दिसतो, त्याला अंगठ्याने पुढे-मागे वाकवा. तो किंचित हलला की आत येणारा सरळ दोर गाठीत ढकला, ओढू नका. तरी नाही सुटली तर गाठ लाकडावर ठेवून लाकडी मोगरीने सगळ्या बाजूंनी हलके ठोका आणि बोथट सळईचं टोक वेढ्याखाली सरकवा. टोकदार स्क्रूड्रायव्हर पदर फोडतो. काथ्याचा किंवा तागाचा दोर आधी वाळू द्या. फुगलेले तंतू वाळले की गाठ निम्मी सैल होते. सुटल्यावर ती जागा बोटांत फिरवून बघा. चपटी, कडक किंवा चकचकीत झाली असेल तर तेवढा भाग कापून टाका, प्लॅस्टिकचा किंवा नायलॉनचा असेल तर टोकं मेणबत्तीवर वितळवून बंद करा, आणि उरलेले तुकडे आखूड कामांना वापरा.